इंजिन बंद, स्टिअरिंग अडकले! गाडीवाल्यांनी आणि गॅरेजवाल्यांनी समजून घ्यावे असे काही

पहाटेचे चार वाजले असतील. वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या भाजीपाला बाजारात माल उतरवून झाला होता. आमच्या परिचयाच्या एका व्यापाऱ्याबरोबर आम्ही त्यांच्या छोट्या टेम्पोत बसलो. त्यांनी चावी घातली, पण चावी फिरेना. स्टिअरिंग हलवून पाहिले, तेही जागचे हलेना. मागे दोन गाड्या हॉर्न वाजवीत उभ्या. व्यापारी घामाघूम झाले. एका गॅरेजला फोन लावला तेव्हा पलीकडून सांगण्यात आले की लॉक सेट गेला असणार, गाडी ओढून आणावी लागेल आणि काही हजारांचा खर्च येईल.

एवढ्यात शेजारच्या गाडीचा क्लीनर खाली उतरून आला. वय वीसच्या आतबाहेर. तो म्हणाला, "चाचा, चावीवर जोर नका देऊ, तुटेल. स्टिअरिंग डाव्या हाताला दाबून धरा आणि मग चावी फिरवा." तसे केले आणि चावी लोण्यातून सुरी जावी तशी फिरली. गाडी सुरू झाली. ना बिघाड, ना खर्च.

परतीच्या वाटेवर व्यापारी आम्हाला म्हणाले, "अहो, वीस वर्षे गाडी चालवतोय, पण हे असे का होते ते आजवर कोणी सांगितले नाही." खरे म्हणजे त्यांच्यासारखे हजारो गाडीमालक आहेत. गाडीवर ज्यांची रोजी-रोटी चालते, त्यांनाच गाडीच्या या साध्या यंत्रणेची माहिती नसते. त्यामुळे कोणी विनाकारण पैसे मोजतो, कोणी चावी मोडून बसतो आणि कोणी घाटात इंजिन बंद करून जिवाशी खेळतो. म्हणून हा विषय या पानावर घेण्याचे आम्ही ठरविले.

दोन गोष्टींची गल्लत

"इंजिन बंद केले की स्टिअरिंग लॉक होते" असे आपण सरसकट म्हणतो. वास्तविक पाहता या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात.

पहिली गोष्ट म्हणजे स्टिअरिंग जड होणे. आजच्या बहुतेक गाड्यांना पॉवर स्टिअरिंग असते. जुन्या पद्धतीत इंजिनच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो आणि त्या पंपातील तेलाचा दाब आपल्या हाताला मदत करतो. नव्या पद्धतीत हेच काम बॅटरीच्या विजेवर चालणारी छोटी मोटर करते. इंजिन आणि चावी बंद झाली की ही मदत थांबते. स्टिअरिंग आणि पुढची चाके मात्र दांड्याने व दातेरी चक्रांनी जोडलेलीच असतात. म्हणजे गाडी वळते, पण सगळा जोर आपल्याच हाताचा लागतो. ज्यांनी पूर्वी मारुती 800 चालविली, त्यांना हा जोर ओळखीचा असेल. ज्याला पॉवर स्टिअरिंगचीच सवय आहे, त्याला मात्र स्टिअरिंग जाम झाल्यासारखेच वाटते.

दुसरी गोष्ट म्हणजे खरोखरचे कुलूप. यात स्टिअरिंग जड होत नाही, ते अडते. थोडे हलते आणि 'टक्' असा आवाज होऊन थांबते. हा बिघाड नव्हे. गाडी बनविणाऱ्याने चोराला अडविण्यासाठी मुद्दाम केलेली ही सोय आहे.

ज्यांनी बजाज चेतक स्कूटर वापरली, त्यांना हे चटकन कळेल. स्कूटर उभी केली की हँडल डावीकडे वळवून आपण लॉक लावत असू. कोणी ढकलत नेऊ लागला तरी स्कूटर गोल गोल फिरे. मोटारगाडीतही कल्पना हीच आहे. फरक एवढाच की तेथे कुलूप आपण आठवणीने लावायचो आणि येथे ते आपोआप लागते.

खिट्टी आणि खाच

स्टिअरिंगच्या चाकाखाली जो दांडा जातो, त्याच्यावर एक कडे बसविलेले असते आणि त्या कड्याला खाचा असतात. शेजारीच, चावीच्या कुलपाला जोडलेली पोलादी खिट्टी असते. तिच्यामागे स्प्रिंग असते. चावी 'ऑन'वर असेपर्यंत ही खिट्टी मागे ओढून धरलेली असते. चावी 'लॉक'पर्यंत फिरवून बाहेर काढली की बहुतेक गाड्यांत खिट्टी मोकळी होते आणि स्प्रिंग तिला पुढे ढकलते. समोर खाच असेल तर ती लगेच आत बसते. खाच नसेल तर कड्याला टेकून वाट पाहते आणि कोणी स्टिअरिंग हलविले की पुढच्या खाचेत पडते. तोच तो 'टक्' आवाज.

आता आमच्या व्यापारी मित्रांची चावी का अडली ते पाहू. त्यांनी गाडी फूटपाथला लागून, चाके वळलेली ठेवून उभी केली होती. उभ्या गाडीचे टायर असे वळवून ठेवले की रबराला पीळ बसतो आणि तो पीळ सुटण्यासाठी दांड्याला एका बाजूला ढकलत राहतो. कड्याची भिंत त्यामुळे खिट्टीवर दाबून बसते. आपण चावी फिरवितो तेव्हा ही दाबलेली खिट्टी ओढून काढायची असते. दोन विटांच्या फटीत घट्ट अडकलेली पट्टी ओढावी तसे होते. चावीवर कितीही जोर दिला तरी ती निघत नाही. मात्र स्टिअरिंग ज्या बाजूला किंचित सरकते त्या बाजूला दाबून धरले की दाब सुटतो आणि चावी सहज फिरते. डावीकडे जमले नाही तर उजवीकडे करून पाहावे. एका हाताने स्टिअरिंग, दुसऱ्या हाताने चावी, दोन्ही एकाच वेळी. एवढाच काय तो उपाय.

ज्या गाड्यांना चावीऐवजी बटण असते, त्यांतील काही गाड्यांत हीच खिट्टी छोटी मोटर सरकविते. तेथेही खिट्टी दाबली गेली तर गाडी सुरू होत नाही. उपाय तोच. स्टिअरिंग हलवीत पुन्हा बटण दाबावे. बॅटरी पूर्ण उतरली असेल तर मोटरच चालणार नाही, तेव्हा आधी बॅटरीची व्यवस्था करावी.

हे कुलूप आले कोठून?

पूर्वी मोटारीची चावी बहुधा समोरच्या फळीवर असे. चोराने मागच्या वायरी जोडल्या की इंजिन सुरू आणि गाडी गायब. तेव्हा नुसते इंजिन अडवून भागत नाही, गाडीचे वळणेच बंद केले पाहिजे असा विचार पुढे आला. 1960 नंतरच्या दशकात पश्चिम जर्मनीने स्टिअरिंगचे कुलूप सक्तीचे केले. नव्या गाड्यांबरोबर रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांनाही ते बसविण्यास सांगितले. परिणामी गाडीचोरी मोठ्या प्रमाणात उतरली.

ब्रिटनमध्ये 1971 पासून फक्त नव्या गाड्यांना हे कुलूप आले. तेथे पुढे झालेल्या अभ्यासातून एक विचार करायला लावणारी गोष्ट दिसली. नव्या गाड्या चोरीला जाण्याचे प्रमाण घटले, पण चोरांनी आपला मोर्चा कुलूप नसलेल्या जुन्या गाड्यांकडे वळविला. श्रीमंताची नवी गाडी सुरक्षित झाली आणि भुर्दंड जुनी गाडी वापरणाऱ्यावर पडला. व्यापारउदीम करणाऱ्यांनी यातून घ्यायचा धडा सरळ आहे. चोर सगळ्यांत सोपी गाडी शोधतो. रांगेत उभ्या असलेल्या दहा गाड्यांत आपली गाडी सर्वांत सोपी असू नये, एवढी काळजी आपण घेतलीच पाहिजे.

अमेरिकेत याबाबतचा सुरक्षा नियम 1 जानेवारी 1970 पासून लागू झाला. तो केवळ मालमत्ता वाचविण्यासाठी नव्हता. चोरलेली गाडी भरधाव पळविली जाते आणि तिच्याखाली निरपराध माणसे सापडतात, हाही त्यामागचा विचार होता.

नवी मुंबईत रस्ता हेच पार्किंग

आपल्या शहरात तर ही काळजी अधिकच हवी. सिडकोची स्थापना 1970 मध्ये झाली आणि वाशी, नेरूळ, कोपरखैरणे येथे वसाहती उभ्या राहिल्या. त्या काळी नोकरदाराकडे आणि छोट्या दुकानदाराकडे मोटार असेल असे कोणी गृहीत धरले नव्हते. आज त्याच इमारतींतील कुटुंबांकडे गाड्या आल्या, पण जागा वाढली नाही. रात्री नोडच्या आतल्या रस्त्यांवर फेरफटका मारला तर दोन्ही बाजूंना गाड्यांच्या रांगा दिसतात. ना पहारेकरी, ना फाटक. अशा ठिकाणी गाडीची राखण तिच्यातल्या कुलपालाच करावी लागते.

पण एका खिट्टीवर सगळी भिस्त ठेवणे शहाणपणाचे नाही. सराईत चोर जोर लावून किंवा कुलपाचा गाभा फोडून स्टिअरिंग मोकळे करू शकतो. म्हणूनच पुढे इमोबिलायझर आला. चावीच्या डोक्यात एक छोटी चिप असते. गाडीतील संगणकाने ती ओळखली तरच इंजिन चालते. युरोपीय संघाने ऑक्टोबर 1998 पासून नव्या मोटारींना हे उपकरण सक्तीचे केले.

या दोन अडथळ्यांपैकी एक वगळला तर काय होते, हे अमेरिकेत नुकतेच दिसून आले. तेथे किया आणि ह्युंदाई कंपन्यांच्या चावीने सुरू होणाऱ्या अनेक गाड्यांत इमोबिलायझर नव्हता. कुलपाचा गाभा काढून तो साध्या यूएसबी वायरच्या टोकाने फिरविता येतो, अशा चित्रफिती मुलांमध्ये पसरल्या आणि चोऱ्यांची लाट आली. फेब्रुवारी 2023 मध्ये सुमारे 83 लाख गाड्यांसाठी नवे सॉफ्टवेअर देण्याचे जाहीर झाले. त्याबरोबरच पोलिसांमार्फत लोकांना स्टिअरिंगवर आडवा बसणारा लोखंडी दांडा वाटण्यात आला! म्हणजे संगणकाच्या जमान्यातही शेवटी साधा लोखंडी दांडाच मदतीला आला. आपल्याकडे तो दांडा किंवा गिअर लॉक कोणत्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. लांबून दिसणारे असे कुलूप चोराला पुढच्या गाडीकडे पाठविते. रात्री रस्त्यावर गाडी ठेवणाऱ्याने ही छोटी गुंतवणूक जरूर करावी.

घाटात चावी फिरविणे म्हणजे मृत्यूला बोलावणे

आता सर्वांत महत्त्वाची बाब. पुणे-साताऱ्याकडून बोरघाटाने आणि नाशिककडून कसारा घाटाने रात्रभर मालाच्या गाड्या वाशीच्या बाजाराकडे उतरतात. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करायची, इतकेच नव्हे तर इंजिनही बंद करायचे, ही सवय काही चालकांमध्ये आजही आहे. मालकही कौतुकाने म्हणतो की आमचा ड्रायव्हर डिझेल फार जपून वापरतो. ही बचत नव्हे.

इंजिन बंद केले की प्रथम पॉवर स्टिअरिंगची मदत जाते आणि भरलेल्या गाडीचे वळण हाताला आवरत नाही. त्यापाठोपाठ ब्रेक दगा देतात. मोटारी आणि हलक्या टेम्पोंच्या ब्रेकला इंजिन व्हॅक्यूमची मदत देत असते. इंजिन बंद झाल्यावर दोन-तीनदा पेडल दाबेपर्यंत ती मदत उरते, त्यानंतर पेडल दगडासारखे होते. मोठ्या ट्रकला हवेचे ब्रेक असतात आणि हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो. इंजिन बंद म्हणजे नवी हवा नाही आणि प्रत्येक दाबागणिक टाकीतली हवा कमी होते. शिवाय गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला जो रोध देते, तोही न्यूट्रलमध्ये जातो. या सगळ्यात घाबरून चालकाने चावी 'लॉक'पर्यंत नेऊन बाहेर काढली, तर खिट्टी खाचेत पडण्याचा धोका आहेच. मग गाडी सरळ जाईल, समोर रस्ता असो वा दरी.

20 नोव्हेंबर 2022 रोजी पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकने अनेक वाहनांना धडका देत नेले. सुरुवातीला ब्रेक निकामी झाल्याचे बोलले गेले. नंतर पोलिसांच्या प्राथमिक तपासात चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडल्याचे पुढे आले. थोड्याशा डिझेलसाठी केवढे हे नुकसान!

आणि ती बचतही खरी नाही. आजच्या गाड्यांत इंधनाचा पुरवठा संगणक ठरवितो. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनला इंधन जाणे जवळजवळ बंद होते आणि चाकेच इंजिनला फिरवीत राहतात. गाडी न्यूट्रलमध्ये टाकली तर मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन लागतेच. म्हणजे गिअरमध्ये उतरणे हे सुरक्षितही आणि स्वस्तही. ट्रान्सपोर्टवाल्यांनी हा हिशेब आपल्या चालकांना बसवून समजावून सांगितला पाहिजे.

चालत्या गाडीत इंजिन आपोआप बंद पडले तर चावी बाहेर काढू नये. ती 'ऑन'वरच राहू द्यावी, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरावे, ब्रेक एकदाच दाबून धरावा, पुन्हा पुन्हा मारू नये, आणि गाडी कडेला घ्यावी.

चावीला भलामोठा जुडगा लावण्याची सवयही सोडावी. जनरल मोटर्सच्या अमेरिकेतील काही गाड्यांत चावीचे स्विच सैल होते. जुडग्याच्या ओझ्याने किंवा धक्क्याने चावी 'ऑन'वरून मागे सरके, इंजिन बंद पडे, स्टिअरिंग जड होई आणि अपघातात एअरबॅगही उघडत नसे. 2014 मध्ये कंपनीला सुमारे 26 लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. नुकसानभरपाई देताना 124 मृत्यू या दोषामुळे झाल्याचे मान्य करण्यात आले. दुरुस्ती होईपर्यंत कंपनीने मालकांना सांगितले होते की इतर चाव्या काढून ठेवा आणि गाडीची चावी एकटीच वापरा. दुकानाच्या, घराच्या आणि कपाटाच्या चाव्या गाडीच्या चावीला लटकविणाऱ्या आपल्या बांधवांनी हे ध्यानात ठेवावे.

जुनी गाडी घेताना

जुन्या गाड्यांचा बाजार आपल्याकडे मोठा आहे आणि अनेकांचा तो व्यवसाय आहे. गाडी घेताना लोक इंजिनचा आवाज ऐकतात, टायर पाहतात, पण स्टिअरिंगचे कुलूप कोणी पाहत नाही. चावी काढून स्टिअरिंग हलवावे. दोन्ही बाजूंपैकी एकीकडे ते अडले पाहिजे. अडले नाही तर कुलूप फोडलेले किंवा काढून टाकलेले असू शकते. चावीभोवतीचे प्लॅस्टिक तडकलेले असेल, दरवाजाची आणि इंजिनची चावी वेगवेगळी असेल, तर कारण विचारावे. कारण प्रामाणिकही असू शकते, पण आरसीवरील चेसिस व इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. गाडी 'ऑन'वर असताना चावी सहज बाहेर निघत असेल तर कुलूप झिजले आहे, ते बदलून घ्यावे.

विक्रेत्याकडून दोन्ही मूळ चाव्या मागून घ्याव्यात. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दाव्याच्या वेळी दोन्ही चाव्या मागते आणि एक नसेल तर दावा अडकतो.

गॅरेजवाले आणि चावीवाले बांधवांना

आमच्या व्यापारी मित्रांना फोनवर 'लॉक सेट गेला' असे सांगणाऱ्याचे नाव आम्ही घेत नाही. कदाचित त्याने खरोखर तसे समजून सांगितले असेल. पण फोनवर आधी "स्टिअरिंग हलवून पाहा" एवढे सांगितले असते तर ग्राहक कायमचा बांधला गेला असता. ग्राहकाची गाडी ही आपल्याकडे आलेली अमानत असते. नसलेला बिघाड दाखवून एकदा पैसे मिळतात, पण पुढची पंधरा वर्षांची गिऱ्हाइकी जाते.

बिघडलेली गाडी दोरीने ओढताना चावी 'ऑन'वर ठेवून स्टिअरिंग मोकळे असल्याची खात्री करावी आणि आत माणूस बसवावा. कुलूप लागलेल्या स्टिअरिंगने गाडी ओढली तर पहिल्याच वळणावर ती ओढणाऱ्या गाडीमागे न येता सरळ जाते.

रस्त्याकडेला बसणाऱ्या चावीवाल्यांचा धंदाही आता बदलला आहे. कानशीने घासलेली चावी दरवाजा उघडेल, खिट्टीही सोडवील, पण चिप नसेल तर इंजिन चालू देणार नाही. ज्यांनी चिपच्या चाव्या तयार करण्याचे यंत्र घेतले आणि ते शिकून घेतले, त्यांच्याकडे काम येत आहे. ज्यांच्या मुलांना हे काम पुढे न्यायचे आहे, त्यांनी या दिशेने विचार करावा. मात्र आरसी आणि मालकाचे ओळखपत्र पाहिल्याशिवाय, त्याची नोंद वहीत केल्याशिवाय कोणालाही गाडीची चावी करून देऊ नये. कसब हातात असेल तर जबाबदारीही हातातच असते.

थोडक्यात सांगायचे तर स्टिअरिंगचे कुलूप हे उभ्या गाडीचे राखणदार आहे. गाडी उभी करताना चाके सरळ ठेवा, चावी अडली तर स्टिअरिंग हलवा, आणि चाके फिरत असताना चावीला हात लावू नका. आमच्या व्यापारी मित्रांनी त्या पहाटेनंतर जुडग्यातल्या इतर चाव्या काढून गल्ल्यात ठेवल्या, आणि त्या क्लीनर मुलाला दुसऱ्या दिवशी बोलावून चहा पाजला. माहिती देणाऱ्याचे एवढे तरी देणे लागतेच!